पाण्याखालचीं शेतें

तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि शिक्षकांची वाण असल्यामुळें भूगोलहि शिकविला. फळ्यावर खडूनें पश्चिम किनारा काढतांना केरळापाशीं आलें म्हणजे किनाऱ्याच्या आंतल्या बाजूस आम्ही चार निळ्या रेघा ओढीत असूं आणि "हीं खाजणें, तिकडे यांस कायल म्हणतात," असें सांगून पुढें जात असूं. एके वर्षीं एका चौकस मुलीनें विचारलें, "गुरुजी, एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास हें पाणी, मग मधलीं माणसें राहतात कशीं?" आम्हीं उत्तर दिलें कीं, राहतात. वर्ग हसला, तास संपला. पण प्रश्न कांहीं आमच्या मनांतून गेला नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर चार वर्षांनीं, गेल्या माघांत, तें पाणी प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला.

योग आला असें म्हणतों खरें, परंतु प्रवासास निघण्याचें कारण निराळें होतें. चिपळुणास बाजारपेठेच्या अंगास, वाशिष्ठीपासून फारसें दूर नाहीं असें आमचें वडिलोपार्जित घर आहे. २६ जुलै २००५ रोजीं त्यांत पाणी शिरलें होतें. २२ जुलै २०२१ रोजीं जें शिरलें तें त्याहून पुष्कळ अधिक. खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी चढलें. वडिलांच्या संग्रहांतील काव्यें, कोश, व्याकरणें, सर्वांचे चिखलाचे गोळे झाले. सौ.नें आणि वहिनींनीं आठ दिवस फावड्यानें गाळ उपसला. तेव्हांपासून घर विकावें कीं ठेवावें हा वाद आमच्या तिघां भावांत चालू आहे. पुण्यास असलेले धाकटे बंधू म्हणतात, विकावें. थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते म्हणतात, आपण जिवंत असेपर्यंत नाहीं. तिसरी सही आमची. संमतिपत्राचा कागद धाकट्यांनीं धाडून दिला होता आणि सौ.चा कल उघडपणें विक्रीकडे होता. जिनें गाळ उपसला तिच्याशीं वाद घालण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें. चार दिवस कोठें तरी जाऊन डोकें निवांत करावें आणि मग सही करावी असें ठरलें. पुराला कंटाळलेल्या माणसांनीं हिंदुस्थानांतील सर्वांत पाणथळ मुलूख निवडावा हें दादांस फार विनोदी वाटलें, आणि तसें तें होतेंहि.

कोंकण रेल्वे १९९८ सालीं पुरी झाल्यापासून चिपळूणकरास केरळ हा शेजारचा प्रांत झाला आहे. गाडींत बसावें, एक रात्र काढावी आणि दुसरे दिवशीं एर्नाकुळम् स्टेशनांत उतरावें. वाटेंत गोकर्णापुढें डोळा लागला तो कण्णूरच्या अलीकडे उघडला. खिडकीबाहेर तीच तांबडी माती, तींच माडाचीं झाडें, तींच कौलें. सौ. म्हणाली, "एवढें भाडें भरून आपण गुहागरासच आलों कीं काय?"

कोचीस एकच दिवस होतों. चिनी जाळीं, जुनीं चर्चें, मसाल्यांच्या वखारी यांविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून तें सोडतों. मट्टांचेरींत मात्र आम्हांस एक आश्चर्य भेटलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जुलुमास कंटाळून गोमंतक सोडलेलीं सारस्वत कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं. त्यांचें तिरुमल देवस्थान आहे, आणि घरांत आजहि कोंकणी बोलतात. देवळाबाहेर फुलें विकणाऱ्या एका आजीशीं सौ.नें बोलणें काढलें. निम्मे शब्द कळले, निम्मे नाहींत. पण फुलांचा भाव दोघींसहि नीट समजला. येथेंच एक गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलबारिकुस' नांवाचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ डच अधिकारी व्हान रीड यानें सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामीं इट्टी अच्युतन् नांवाचा मलयाळी वैद्य जसा साहाय्यक होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी पंडितहि होते, आणि त्यांचें नागरी लिपींतील कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत छापलेलें आहे. घरदार सोडून आलेल्या लोकांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीनें नव्या भूमींतील झाडपाला इतका आपलासा करावा, हें वाचून आम्हांस पूर्वींहि कौतुक वाटलें होतें. त्या दिवशीं मात्र त्यांतील 'घरदार सोडून' एवढेच शब्द मनांत राहिले.

तेथून अलप्पुळा. राजा केशवदास या त्रावणकोरच्या दिवाणानें उघडलेलें हें बंदर एके काळीं गजबजलेलें होतें. आतां १८६२ चा दीपस्तंभ आणि समुद्रांत शिरलेला जुन्या धक्क्याचा सांगाडा तेवढा उरला आहे. काथ्याचा धंदा अजून चालतो. गांवांत पाहण्यासारखें म्हणजे कालवे, आणि त्या कालव्यांतून जेथें जावयाचें तें ठिकाण.

प्रवासी मंडळी येथें येतात तीं घरबोटींकरितां. पूर्वीं भात वाहून नेणारीं जीं मोठीं गलबतें होतीं त्यांस 'केट्टुवळ्ळम्' म्हणत. केट्टु म्हणजे बांधलेलें. आंजिली नांवाच्या रानफणसाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनें एकमेकींस शिवावयाच्या, फटींत काथ्या ठासावयाचा आणि वरून काजूच्या टरफलाचें तेल द्यावयाचें. लोखंडाचा खिळा म्हणून नाहीं. हें पाहून आम्हांस भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'ची आठवण झाली. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोहानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील चुंबकमय खडक तीस ओढून घेतील, असें त्यांत सांगितलें आहे. कारण भ्रामक असेल, परंतु शिवलेली नौका खडकावर आपटली असतां फुटण्याऐवजीं लवते हा अनुभव खरा आहे. रस्ते व पूल झाल्यावर हीं गलबतें निकामी झालीं, आणि १९९० नंतर त्यांवर खोल्या उभारून प्रवाशांस फिरविण्याचा धंदा सुरू झाला. आज अशा शेंकडों घरबोटी आहेत. त्यांचें भाडें निवृत्तिवेतनास झेपणारें नव्हतें हें एक. आणि यंत्राचें तेल व सांडपाणी यांनीं कायलीचें काय होतें हें काठावरील बायका ज्या तोंडानें सांगतात तें पाहिल्यावर झेपलें असतें तरी आम्ही गेलों नसतों, हें दुसरें. सरकारी जलवाहतूक खात्याची बोट अलप्पुळ्याहून कोट्टयम्‌ला सुमारें अडीच तासांत जाते. तिचें भाडें अगदीं थोडें. शेजारीं शाळेचीं पोरें, कोळणी, टोपलींत बांधलेलें कोंबडें, आणि एक नवरामुलगा पाहावयास निघालेलें कुटुंब. ज्यांस तो मुलूख खरोखर पाहावयाचा असेल त्यांनीं हीच बोट घ्यावी.

बोट पुन्नमडेच्या रुंद पाण्यांत शिरली. १९५२ पासून ज्या नेहरू चषकाच्या सर्पनौकांच्या शर्यती होतात त्या येथेंच. वेंबनाड ही कायल सुमारें ९६ किलोमीटर लांब, हिंदुस्थानांतील सर्वांत लांब सरोवर. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल अशा नद्या सह्याद्रीवरून उतरून तिला मिळतात. एवढें आम्हीं फळ्यावर लिहिलेंच होतें. जें लिहिलें नव्हतें तें आतां दिसलें. बोट एका अरुंद कालव्यांत वळली, आणि उजव्या हाताला बांधापलीकडे पाहतों तों भाताचें शेत आमच्या खालीं! आम्ही पाण्यावर बसलों होतों, आणि माडीवरून अंगण पाहावें तसें पिवळें होऊं लागलेलें भात खालीं पाहत होतों. सौ.नें आमचा हात धरला. "अहो, हा बांध फुटला तर?" कुट्टनाडांतील शेतें समुद्रसपाटीच्या खालीं, कांहीं ठिकाणीं दोन मीटरांपर्यंत, आहेत. भोंवतीं मातीचा बांध, आंत खोलगट शेत. त्या एका बांधांतील सर्व शेतांस मिळून पाडशेखरम् म्हणतात. पावसाळ्यांत सर्व बुडालेलें असतें. पाऊस सरला कीं बांध नीट करावयाचा, पंपांनीं आंतलें पाणी उपसून कालव्यांत टाकावयाचें, आणि आश्विन-कार्तिकांत पेरणी करावयाची. पूर्वीं हें उपसणें माणसें पायांनीं रहाट फिरवून करीत. एकट्यानें येथें शेती होतच नाहीं. बांध एक, पंप एक. एकानें आळस केला तर शंभरांचें पीक गेलें. एकत्र कुटुंबाचीं सुखदुःखें ज्यांस ठाऊक आहेत त्या वाचकांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

हीं शेतें देवानें दिलेलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं अन्नाची टंचाई झाली असतां जोसेफ मुरिक्कन् नांवाच्या जमीनदारानें भर कायलींत चित्तिरा, मार्तांडम् आणि राणी या नांवांचे विस्तीर्ण तुकडे पाण्यांतून वर काढले. माडाचे सोट तळांत ठोकून दुहेरी कुंपण करावयाचें आणि त्यांत वाळू, फांद्या व चिकणमाती भरावयाची. ती माती काढण्यास मजूर बुडी मारून तळाशीं जात. हे मजूर बहुतेक पुलय जातीचे. ज्या भूमीसाठीं त्यांनीं श्वास कोंडला तींत त्यांचा वांटा नव्हता. मुरिक्कनाचें नांव सर्वांस ठाऊक आहे. बुडी मारणारांपैकीं एकाचेंहि नांव आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

मधल्या एका धक्क्यावर आम्ही उतरलों आणि एक लहान होडी ठरविली. नावाडी पन्नाशीचा, अबोल. सौ.ला तो अम्मा म्हणे, आणि आम्हीं त्यास चेट्टा म्हणावें असें आम्हांस गाडींत शिकविलें होतें, तें म्हटल्यावर तो हसला. कांठानें केवड्याचीं बनें होतीं. रघूच्या दिग्विजयांत कालिदासानें केरळ देशीं केतकीचा पराग वाऱ्यावर उधळलेला दाखविला आहे. चाळीस वर्षें पाठ असलेलें तें वर्णन आज नाकास आलें. दोन प्रहरीं ऊन फार झालें म्हणून नावाड्यानें होडी स्वतःच्या दाराशीं लावली. दारांतून हांक आली ती चक्क मराठींत: "काकू, आंत या ना. पाय तसेच असूं द्या."

नावाड्याची सून पुण्यास एका रुग्णालयांत सहा वर्षें परिचारिका होती. लग्नानंतर ती येथें आली. तिच्यामुळें आम्हांस त्या घराशीं बोलतां आलें. घरांत नावाड्याची आई होती, ऐशीच्या पुढची, पांढरें मुंडू नेसलेली, कान लोंबलेले. भिंतीवर आमच्या खांद्याच्या वर एक तपकिरी रेघ होती. सौ.नें ती पाहिली आणि आम्हीं काय तें विचारण्याच्या आधींच तिनें ओळखलें. "हें २०१८ चें ना?" होय, २०१८ च्या श्रावणाचें. त्या वर्षीं केरळांत चारशेंहून अधिक माणसें गेलीं. कुट्टनाडांतील बहुतेक सर्व वस्ती बोटींनीं हलवावी लागली. समुद्रावरच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या आणून लोकांस सोडविलें. म्हातारीस चंगनाशेरीच्या एका शाळेंत तीन आठवडे ठेवलें होतें. परत आली तेव्हां घरांत गुडघाभर चिखल. सौ.नें पदर खोंचून फावडें मारल्याचा अभिनय केला आणि चिपळूण, चिपळूण असें दोनदां म्हणाली. म्हातारीस चिपळूण कोठें आहे हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. पण फावडें समजलें. तिनें सौ.चे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले.

मग सून बोलली, आणि तिचें बोलणें आम्हीं वाचकांपासून लपविणार नाहीं. चहूंकडे पाणी, पण पिण्याचें पाणी बोटीनें आणावें लागतें. मुलगा रोज होडींतून शाळेस जातो. पाऊस असला कीं ती दारांत उभी राहते. चंगनाशेरीकडे कोरड्या जागेंत भाड्यानें राहावें असें तिचें म्हणणें. नवऱ्याचा नकार नाहीं, होकारहि नाहीं. शेजारचीं कित्येक घरें कुलुपांत आहेत. "आजी म्हणते, जोतें उंच करा. दोन वेळां केलें, काकू. किती वेळां करायचें?" म्हातारीस आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे हें कळलें होतें. तिनें कांहीं विचारलें, सुनेनें सांगितलें, आणि म्हातारी एवढेंच म्हणाली कीं, पाणी दर वर्षीं येतें आणि जातें, माणूस एकदां गेला कीं येत नाहीं. सुनेनें हें भाषांतर करून पुढें आपलें जोडलें, "तिला सोपें आहे. चिखल मीच काढते." सौ. मोठ्यानें हसली. मग सूनहि हसली, आणि म्हातारी, जिला कांहींच समजलें नव्हतें, तीहि.

निघतांना त्यांनीं लाल तांदुळाची एक पिशवी दिली. पैसे घेईनात. परत जातांना नावाड्यानें जलपर्णींत अडकलेली होडी सोडवीत थोडें सांगितलें. १९७६ च्या सुमारास तण्णीरमुक्कम् येथील बंधारा सुरू झाला. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत त्याचीं दारें लावतात, म्हणजे समुद्राचें खारें पाणी भातांत शिरत नाहीं. भातास चांगलें, पण पूर्वीं खाऱ्या पाण्यानें जी जलपर्णी मरे ती आतां मरत नाहीं, आणि मासे व शिंपले कमी झाले. शेतकरी म्हणतो दारें लावा, कोळी म्हणतो उघडा. आमच्या घरांतहि तसेंच आहे, असें आम्ही मनांत म्हणालों.

अंबलप्पुळ्याचें श्रीकृष्णाचें देऊळ आणि तेथील दूधपायस यांस एक सकाळ दिली. बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांवर दुप्पट-दुप्पट तांदूळ मागणाऱ्याची कथा येथें सांगतात. ती संख्या वीस आंकडी होते हें आम्हीं सौ.स गणित करून दाखवूं लागतांच तिनें पायस पुढें केलें.

तेथून मुन्नार. कोचीहून सुमारें १३० किलोमीटर, घाट, आणि सरकारी मोटारगाडींत सौ.स उलट्या. पेरियारवरील नेरियमंगलम्‌चा १९३५ चा कमानींचा पूल ओलांडला कीं हवा बदलते. मुन्नार म्हणजे तीन नद्या; त्या गांवांत मिळतात. उंची सुमारें पांच हजार फूट. चहूंकडे चहाचे मळे, इतके नीट कातरलेले कीं प्रथम दर्शनीं डोंगरास कोणी हजामत केली असें वाटतें. नयनमनोहर आहे यांत शंका नाहीं, परंतु हा निसर्ग नव्हे, ही शेतीच. जुनें रान तोडून केलेली. खरें जुनें रान आणि उंच कुरणें एरविकुळम् येथें राखलीं आहेत. १९७८ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें. २,६९५ मीटर उंचीचा आनमुडि, हिमालयाच्या दक्षिणेस सर्वांत उंच शिखर, तेथेंच. आणि वरयाडू नांवाचे रानबोकड तेथें राहतात. आम्ही दारापर्यंत गेलों तों दार बंद! माघ-फाल्गुन हा त्यांच्या विण्याचा काळ; तेवढे दिवस प्रवाशांस मज्जाव असतो. इतक्या दूर येऊन हें, म्हणून आम्ही चरफडलों. सौ. म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलींत परक्यानें जाऊं नये, एवढें तरी यांना कळतें." ज्यांस तेथें जावयाचें असेल त्यांनीं मात्र पौष संपण्यापूर्वीं जावें.

कुरिंजीहि पाहावयास मिळाली नाहीं. ती बारा वर्षांनीं एकदां फुलते. २००६ त फुलली, २०१८ त फुलली, आतां २०३० त. तिची बहीण आपल्या सह्याद्रींतील कारवी; तीहि कांहीं वर्षांनीं एकदांच फुलते, आणि तिच्या काठ्यांच्या कुडाचीं घरें आम्हीं लहानपणीं पाहिलेलीं आहेत. रस्त्याच्या कडेस न फुललेल्या झुडपांची पानें सौ.नें चुरगाळून पाहिलीं आणि ओळखीचें माणूस भेटावें तशी खूश झाली.

मुन्नारला एके काळीं आगगाडी होती हें फार थोड्यांस ठाऊक असेल. चहा वाहण्यासाठीं ती टॉप स्टेशनपर्यंत जाई, तेथून तारेच्या पाळण्यानें चहा तमिळ मुलखांत उतरे. जुलै १९२४ च्या पुरांत ती रेल्वे आणि जुना रस्ता दोन्ही वाहून गेलीं. मलयाळी शकाचें तें १०९९ वर्ष, म्हणून वृद्ध लोक त्यास नव्याण्णवचा पूर म्हणत. जीपगाडीच्या चालकानें एका वळणावर गाडी थांबवून पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखविलें. त्या अंगास पेट्टिमुडि. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्रीं डोंगर खचला आणि मळ्यांतील मजुरांच्या चाळींवर आला. ७० माणसें गेलीं. चालकाचे आतेभाऊ त्यांत होते. आम्हांस ३० जुलै २०१४ चें माळीण आठवलें. २०११ सालीं माधवराव गाडगीळांच्या समितीनें या सर्व घाटाविषयीं अहवाल दिला, तो तिकडे आणि इकडे दोन्हीकडे लोकांस आवडला नाहीं. मजुरांस मात्र कोठें राहावें हें कोणी विचारलें नव्हतें. चाळ जेथें बांधून मिळाली तेथें ते राहिले. धाकट्या बंधूंचा कागद पिशवींत होता. ठेवावें कीं विकावें, असा प्रश्न पडणें हीच चैन आहे असें त्या वळणावर प्रथम आमच्या ध्यानांत आलें.

रात्रीं थंडी फार. दोन रजया घेऊनहि झोंप येईना. सौ.नें अंधारांत विचारलें, "आपलें जोतें किती उंच करतां येईल हो?" आम्हीं म्हटलें, गवंड्यास विचारावें लागेल. ती म्हणाली, "आणि खालच्या मजल्यावर कांहींच ठेवायचें नाहीं. कोठीसुद्धां वर. चिखल मी पुन्हां काढणार नाहीं, हें दादांना स्पष्ट सांगा." आम्हीं बरें म्हटलें.

चिपळुणास गाडी सकाळीं पोंचली. वहिनींनीं लाल तांदूळ हातांत घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, हा तर आपल्या उकड्याचाच भाऊ. दुपारीं त्याचा भात झाला. धाकट्यांस फोन केला. ते रागावले आहेत, आणि त्यांचा राग अगदींच अकारण आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं, कारण खर्च तिघांचा आणि राहणार दोघे. कागद अजून कोराच आहे. संध्याकाळीं दादा सुतळीचा गुंडा घेऊन ओटीवर आले. भिंतीवरच्या २०२१ च्या रेघेपासून जोत्यापर्यंत सुतळी धरण्यास त्यांनीं आम्हांस बोलाविलें, आणि सौ.नें कंदील धरला, कारण वीज गेली होती.